नाईकाच्या उजव्या हाताच्या मुंग्या

१

धुळवडीच्या सकाळी वरच्या तांड्याचा नाईक किसनसिंग नाल्याच्या काठी डोकं फुटून पडलेला सापडला. ती बातमी घेऊन धावत आलेल्या माणसाला मी, शांतता समितीचा चिटणीस, म्हणालो, "अरे, पण आज सुट्टी आहे!" त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

साल एकोणीसशे पंचावन्न. मी किन्हीराजाच्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो. गावाबाहेर बंजाऱ्यांचे दोन तांडे होते, वरचा आणि खालचा, मध्ये नाला. दोन्ही तांड्यांचं बारा वर्षांचं वैर होतं. कारण विचारलं तर कोणी बैलावरून म्हणे, कोणी चराईवरून, आणि एका म्हाताऱ्याने तर मला शपथेवर सांगितलं की लग्नाच्या पंगतीत वाढप्याने रस्सा वाढला नि मटणाचे तुकडे विसरला. दर होळीला डोकी फुटत. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की होळीच्या आधी गावात हळद नि जुनी लुगडी महाग होत.

गेल्या होळीला मात्र खालच्या तांड्याचा अमरसिंग नावाचा बावीस वर्षांचा पोरगा त्या मारामारीत पडला, तो उठलाच नाही. धुरळ्यात काठी कोणाची लागली, ते कोणालाच सांगता येईना. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती.

त्यानंतर शांतता समिती निघाली. समितीच्या सात बैठका झाल्या, सातही बैठकांत चहा झाला आणि सातही बैठकांची टिपणं मी सुवाच्य अक्षरात लिहिली. समेट झाला तो मात्र जैतुनबीमुळे.

जैतुनबी म्हणजे गावातल्या इस्माईल दुकानदाराची आई. वय सत्तरीकडे, बांधा मूठभर, जीभ हातभर. हाडं बसवणं आणि फुटलेली डोकी बांधणं हे तिचं काम. दोन्ही तांडे तिला खाला म्हणत. अमरसिंगचं डोकंही तिनेच बांधलं होतं, आणि त्याने तिच्याच मांडीवर जीव सोडला होता. त्यानंतर ती दोन्ही तांड्यांत गेली आणि म्हणाली, "तुमच्या लाठ्या माह्याजवय आनून टाका. ज्याची लाठी येनार नाही, त्याचं डोस्कं मी बांधनार नाही. मंग जा वाशीमले, रस्त्यानं रगत गाळत."

आठ दिवसांत एकसष्ट लाठ्या नि चौदा कुऱ्हाडी इस्माईलच्या कोठीत जमा झाल्या. किल्ली जैतुनबीच्या गळ्यात. मात्र तांड्यांनीही तिच्याकडून एक वचन घेतलं. समेट मोडून एका तांड्याने हात उचलला, तर दुसऱ्या तांड्याच्या लाठ्या तिने स्वतःच्या हाताने परत द्यायच्या.

आणि आता किसनसिंगचं डोकं फुटलं होतं.

२

आम्ही पोचलो तेव्हा किसनसिंगला नाल्यावरून उचलून त्याच्या अंगणात बाजेवर निजवलं होतं. भोवती सगळा तांडा. बाजेच्या उशाशी त्याची बायको हिरीबाई रडत होती, पायथ्याशी त्याचा धाकटा भाऊ हेमसिंग दात खात उभा होता, आणि मध्ये आमचे जमादार गोपीचंद. जमादारांनी गुन्ह्याचा छडा आधीच लावला होता. ते नेहमीच जागेवर पोचायच्या आधी छडा लावत, त्यामुळे त्यांचा चालण्याचा त्रास बराच वाचे.

"उदयसिंग," ते म्हणाले. "खालच्या तांड्याचा नाईक. मेलेल्या अमरसिंगचा सख्खा भाऊ. मागल्या महिन्यात भर बाजारात बोलला होता, एक दिवस किसनसिंगाचं डोस्कं माह्या हातात येईन म्हणून. आता आनखीन काय पाह्यजे?"

"डोळ्यांनी पाहिलं का कोणी?" मी विचारलं.

"मास्तर, डोळ्यानं पाहनारा साक्षीदार फुटते. माहा अंदाज कधी फुटत नाही."

किसनसिंगने डोळे मिटूनच सांगितलं, "मी नाल्याकडे गेलतो. मांगून आले. दोघं होते. तोंडं बांधेल होती. लाठ्या होत्या."

"आन कडं नेलं वो त्यायनं!" हिरीबाईने हंबरडा फोडला. "हातातलं चांदीचं कडं! तीस वर्सं झाली, लग्नापासून हातात होतं!"

म्हणजे आता डोकं फोडणं आणि लूट. हेमसिंग जैतुनबीच्या समोर येऊन उभा राहिला. तो पहिल्यापासून समेटाच्या विरुद्ध होता आणि आज ते खरं ठरल्याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता. "खाला, जबान देली होती तू. आमच्या लाठ्या दे."

जैतुनबीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती बाजेशी बसली होती. सगळे नाईकाचं डोकं बघत होते. ही म्हातारी त्याचा उजवा हात उचलून बघत होती. बोटांपासून कोपरापर्यंत त्या हातावर लाल मुंग्यांची रांग लागली होती. डाव्या हातावर एकही मुंगी नव्हती.

"हेमसिंग," ती म्हणाली, "ऊन डोस्क्यावर आलं का कोठीवर ये. लाठ्या मी आपल्या हातानं देतो. तवपर्यंत मले येक सांग. तुह्या भावाच्या याच हाताले मुंग्या काहून लागल्या?"

किसनसिंगने तो हात चटकन गोधडीखाली घेतला.

३

शाळेत भिंगाची एक काच होती. पोरांना पानाच्या शिरा दाखवायला मागवलेली. ती मी बरोबर आणली होती, कारण तपास म्हटला की भिंग पाहिजे एवढं मला माहीत होतं. जैतुनबीने ती माझ्या हातातून घेतली, जखमेवर धरली, आणि "यातून मले माहंच बोट मोठं दिसते" म्हणून परत दिली.

मग तिने बोटांनी काम सुरू केलं. जखम धुतली, हळद नि तुरटी भरली, पट्टी बांधली. तेवढ्यात चिमटीने केसांतून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. हिरव्या सालीचा धागा होता.

बाजूला नेऊन ती मला म्हणाली, "मास्तर, बारा वर्सं या दोन तांड्यांची डोस्की बांधली. लाठी बसली का कवटी दबते, गोल फुटते, हाडापर्यंत जाते. हे तसं नाही. हे पातळ चिरलं हाये. वल्ल्या फोकाचा घाव हाय हा, पळसाच्या बारीक फांदीचा."

"म्हणजे लाठी नव्हतीच?"

"लाठ्या सगळ्या माह्या कोठीत हायेत. आनखी पाहा. हा म्हनते मांगून मारलं. घाव कुठं हाय? म्होरून, कपाळाच्या वरून टाळूपर्यंत. मारनारा त्याच्या म्होरं उभा होता आन हा वाकेल होता. आन दोघायनं मारलं म्हनते. दोघं मारतील तर घाव येकच काहून?"

मी वहीत भराभर लिहून घेतलं. शेवटी लिहिलं: किसनसिंग खोटं बोलत आहे. वाचून मीच दचकलो. ज्याचं डोकं फुटलं, तोच खोटं का बोलेल?

"आपल्या माणसाला वाचवायला," मी म्हणालो. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "खाला, मला माहीत आहे कोणी मारलं ते. अर्ध्या तासात पुराव्यासकट आणून दाखवतो."

जमादार तोवर दोन शिपाई घेऊन उदयसिंगला पकडायला खालच्या तांड्याकडे निघून गेले होते. इस्माईल बैलगाडीशी उभा राहून सूर्याकडे बघत होता. "अम्मा," तो म्हणाला, "लाठ्या देल्या तर सांजेपर्यंत दोन-चार मुर्दे पडतीन. नाही देल्या तर तुही जबान जाईन."

"मले माहीत हाय," जैतुनबी म्हणाली. "पर मले येकही नोको. येक झाला तेवढा बस झाला." ती पदराने तोंड पुसून हिरीबाईकडे वळली.

४

हिरीबाईची चौकशी जैतुनबीने जात्याशी बसून केली.

"कडं रोज काढत होता का नाईक?"

"काढते कसा? मनगट फुगलं. मागल्या साली धुवाले काढून पाह्यलं, साबन लावला, सोनारानं वढलं, निघालंच नाही. शेवटी मी म्हनलं, राहू द्या, तुमच्यासंगच जाईन."

"चोरानं वढून नेलं असतं तर कातडं सोलून निघालं असतं. मनगट पाह्यलं मी, येक ओरखडा नाही. उलटं तेलानं चकचक करून राह्यलं. तेलाची वाटी कुठं हाय तुही?"

हिरीबाई आत गेली आणि रिकामी वाटी घेऊन आली. "अवो, रातच्याले भरेल होती!" ती म्हणाली आणि तेल कोणी संपवलं म्हणून सगळ्या घराला बोलू लागली. नवऱ्याचं डोकं फुटल्याचं दुःख तिला तेवढ्यापुरतं आठवलं नाही.

याच वेळी मी विजयी मुद्रेने अंगणात शिरलो. माझ्या हातात साडेपाच हात लांबीची, लोखंडी शाम बसवलेली लाठी होती.

"हेमसिंगच्या कडब्याच्या गंजीत सापडली!" मी ओरडलो. "कोठीत याने टाकली ती दुसरीच, कुत्र्याला हाकलायची! समेट मोडावा म्हणून याने सख्ख्या भावावर हात टाकला, आणि भावाने त्याला पाठीशी घातलं!"

हेमसिंगचा चेहरा पडला. मी आयुष्यात पहिल्यांदा एका वाक्याने इतक्या माणसांना गप्प केलं होतं, वर्गातसुद्धा हे कधी जमलं नव्हतं.

जैतुनबीने लाठी हातात घेतली आणि उन्हात फिरवली.

"मास्तर, याच्यावर कोळ्यानं जाळं विनलं हाय. जाळ्यात माशी हाय. माशी वाळून गेली." ती हेमसिंगकडे वळली. "लाठी लपवली म्हनून तुले लाज वाटाले पाह्यजे. पर सकाळी ती कोनी हातात धरली नाही. येऊन जमा कर आन मुकाट बस."

हेमसिंग मान खाली घालून गेला. मी भिंग खिशात ठेवलं.

"मुंग्या, मास्तर," जैतुनबी म्हणाली. "मुंग्या कायले लागतात?"

"गोडाला."

"कोपरापर्यंत गोड. मी वास घेतला, गूळ आन तूप. येवढा हात बुडन असं गुळाचं भांडं आज या तांड्यात कोनाच्या घरी हाय?"

मी हिरीबाईला विचारलं. ती म्हणाली की वरच्या तांड्यात यंदा मुलगा झालाच नाही, त्यामुळे धुंडही नाही आणि चरवीही नाही.

जैतुनबी उठली. "गाडी जुप, इस्माईल. खालच्या तांड्यात जाऊ."

५

धुंड म्हणजे काय ते सांगायला हवं. तांड्यात मुलगा झाला की त्याच्या पहिल्या होळीला धुंड करतात. दारात खांब रोवून गूळ नि सुवाळ्यांनी, म्हणजे तुपातल्या गोड पुऱ्यांनी, भरलेली चरवी त्याला कमरेइतक्या उंचीवर दोराने बांधतात. बायका, त्यांना गेरनी म्हणतात, हातात पळसाचे हिरवे फोक घेऊन तिची राखण करतात. पुरुषांनी त्यांचा मार खात खात चरवी पळवायची, मग सुवाळ्या सगळ्यांत वाटायच्या. यंदा धुंड होती अमरसिंगच्या मुलाची. बाप गेल्यावर चार महिन्यांनी जन्मलेला. आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच वरच्या तांड्याचे पुरुष तिथे पाहुणे म्हणून मार खायला जाणार होते. माझ्या समेटाच्या कागदावर ते सहावं कलम होतं.

खालच्या तांड्यात आम्ही पोचलो तर उदयसिंगला जमादारांनी दोरीने बांधलं होतं आणि त्याच्या तांड्याच्या माणसांनी जमादारांना गराडा घातला होता. कोणी कोणाला पकडलं आहे ते सांगणं कठीण होतं.

"पहाटं कुठं होता ते सांगत नाही," जमादार घाम पुसत म्हणाले. "म्हनजे गुन्हा कबूल."

जैतुनबीने उदयसिंगचा कान धरला. सव्वीस वर्षांचा, सहा फुटी नाईक, पण तो लहानपणी झाडावरून पडला तेव्हा त्याचा हात तिनेच बसवला होता. "बोल. कुठं होता?"

उदयसिंग लालबुंद झाला. "पळसाच्या बनात."

"काय करून राह्यला होता?"

"भाषन."

"कायचं भाषन?"

"मास्तरानं पाहुन्यायच्या स्वागताचं भाषन लिहून देलं ना मले! पाठच होईना. 'परस्पर सौहार्द' म्हनाले गेलो का जीभ अडकते. मंग बकऱ्यायच्या म्होरं म्हनून पाह्यत होतो. बकऱ्या चारनाऱ्या दोन पोरी हासत होत्या, त्यायले विचारा."

पोरींना विचारलं. त्यांनी ते भाषण आम्हाला पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं, उदयसिंगपेक्षा नक्कीच बरं. जमादारांनी दोरी सोडली. पण सूर्य आता बराच वर आला होता, आणि मारणारा अजून सापडला नव्हता.

जैतुनबी उदयसिंगच्या घरासमोर गेली. खांब रोवलेला होता, दोर लोंबत होता, पण त्याला चरवी नव्हती. चरवी उंबऱ्यात बसलेल्या नानीबाईच्या मांडीवर होती. नानीबाई म्हणजे उदयसिंगची आणि मेलेल्या अमरसिंगची आई. तिने दोन्ही हातांनी चरवीचं तोंड दाबून धरलं होतं.

"नानी," जैतुनबी तिच्याजवळ बसत म्हणाली, "चरवी रातीच खांबावर चढवली होती ना? खाली काहून उतरवली?"

"हात नोको लावू खाला," नानीबाई म्हणाली. "हिच्यात करनी हाय. माह्या नातवाले माराले केली."

६

भोवतीची माणसं दोन पावलं मागे सरली. जमादार तीन पावलं सरले.

"सांग मले," जैतुनबी म्हणाली.

नानीबाईने सांगितलं. पोराची पहिली धुंड म्हणून ती रात्रभर उंबऱ्यात बसून राखण करत होती. पहाटे डोळा लागला. उजाडता उजाडता जाग आली तर खांबाशी एक माणूस वाकून उभा, चरवीच्या तोंडावरचं फडकं सोडलेलं, आणि त्याचा हात कोपरापर्यंत आत. तिने फोक उचलला, समोर गेली आणि हाणला. माणसाने मान वर केली. किसनसिंग नाईक.

"येक शबद बोलला नाही तो. उठला आन रगत गळत नाल्याकडे गेला. माहा येक पोरगा यायनं खाल्ला, आता त्याच्या पोराच्या चरवीत काही टाकून गेला. कोनाले सांगू? सांगतलं असतं तर उदय कुऱ्हाड मांगाले तुह्या कोठीवर आला असता. म्हनून चूप बसली."

उदयसिंगच्या कपाळावरची शीर फुगली होती. माणसं कुजबुजू लागली. मला वाटलं, संपलं. आता खालच्या तांड्यालाच त्यांच्या लाठ्या द्याव्या लागतील.

जैतुनबीने चरवी ओढून घेतली, फडकं सोडलं आणि आत हात घातला. बायका किंचाळल्या. तिने एक सुवाळी काढली, सगळ्यांसमोर मोडली आणि खाऊ लागली. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने दुसरी काढली.

"सकाळपासून उपाशी हाय मी," ती म्हणाली. "चांगल्या झाल्या. तूप जरा कमी हाय."

"खाला!" मी ओरडलो.

"थांबा मास्तर. चोरीसाठी आला असता तर किसनसिंगानं खाल्लं असतं. त्याच्या मिशीले गूळ नाही, तोंडाले वास नाही, खिशात पुरी नाही. दोर सोडाले आला असता तर हात बाहीर राह्यला असता, आत नाही. हात आत गेला, कोपरापर्यंत, आन बाहीर आला तवा त्या हातातलं काहीतरी कमी होतं. तीस वर्सं न निघनारं कडं घरून तेल लावून कोनी काढते ते हारवाले नाही. तो काही न्याले आला नव्हता. ठेवाले आला होता."

तिने हात आणखी खाली घातला, तळाशी चाचपडली, आणि गुळाने माखलेलं चांदीचं जाडजूड कडं बाहेर काढून नानीबाईच्या मांडीवर ठेवलं.

नानीबाई त्या कड्याकडे बघत राहिली. घरात अमरसिंगचं पोरगं रडत होतं आणि त्याची आई कमलीबाई त्याला थोपटत होती.

"आता माह्या मनातलं येक विचारतो," जैतुनबी हळूच म्हणाली. "फोक तुह्या हातात होता, तो वाकेल होता, आजूबाजूले कोनी नव्हतं. घाव मात्र येकच. दुसरा काहून नाही मारला?"

नानीबाईने कड्यावरचा गूळ पदराने पुसला. मग म्हणाली, "पह्यला गेरनीचा होता. दुसरा उचलला तो अमरसाठी. पर त्यानं हात आडवा धरला नाही, खाला. मान खाली करून तसाच उभा राह्यला. असं उभं राहनाऱ्याले कसं मारू?"

७

ऊन डोक्यावर आलं तेव्हा दोन्ही तांडे नाल्याच्या दोन काठांवर जमले होते. हेमसिंग पाण्याजवळ येऊन ओरडला, "खाला, टाईम झाला!"

जैतुनबीने गळ्यातली किल्ली काढून हातात धरली. "लाठ्या देतो. पह्यले येक सांग. धुंडीची चरवी खांबावर हाय आन तिच्यात हात घालनाऱ्या मर्दाले बाईचा फोक बसला. तर तो फिर्याद कोनाकडे करते?"

"कोनाकडेच नाही. तो तर गेरनीचा मार. त्याची फिर्याद नसते."

"पहाटं बसला तर?"

हेमसिंग गोंधळला. त्याने आपल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी आपसात थोडी वादावादी केली आणि निवाडा दिला: चरवी चढली की राखण सुरू. वेळेला काही बंधन नाही.

"मंग सगळे आयका," जैतुनबी म्हणाली, आणि तिने सकाळपासूनचं सगळं दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं: मुंग्या, फोक, तेल, चरवी, कडं. वरच्या तांड्यातून आधी हसू फुटलं, नाईकाने म्हातारीचा मार खाल्ला म्हणून. कड्यापाशी ती आली तेव्हा हसू थांबलं.

किसनसिंगला चार माणसांनी बाजेवर घालून आणलं होतं. तो बाजेवरून उतरला आणि नाल्याच्या पाण्यात येऊन उभा राहिला.

"खोटं बोललो मी," तो म्हणाला. "लाज वाटली. समेटाच्या कागदावर मास्तरानं लिवलं होतं का अमरसिंगाले कोनाची लाठी लागली ते कोनी कोनाले विचारायचं नाही. मी विचारलं नाही. मले कोनी विचारलं नाही. कोनाची लाठी होती ते मले अजूनही माहीत नाही. पर 'हाना' म्हनून पह्यले कोन वरडलं ते मले माहीत हाय. मी वरडलो होतो. वर्सभर झोप नाही मले. म्हनलं, कडं तळाशी ठेवावं. वाटप झाल्यावर म्हातारीले सापडन, तिले समजन, आन मले तोंडानं सांगावं लागनार नाही."

ते कलम माझं होतं. चौथं. समितीतल्या सगळ्यांनी त्याची तारीफ केली होती, आणि भांडण मिटवायची ही फार हुशार युक्ती आहे असं मला स्वतःला वाटलं होतं. त्या क्षणी मला त्या कागदाचे तुकडे करावेसे वाटले.

जमादार वही उघडून माझ्या कानाशी म्हणाले, "मास्तर, याच्यात फिर्यादी कोन धरू?"

"कोणीच नाही."

"मंग पेन्सिल कायले झिजवू?" ते म्हणाले आणि वही मिटली.

काठावर उदयसिंग मुठी आवळून उभा होता. त्याच्यामागे त्याची माणसं. आता पुढे काय होणार ते नानीबाईच्या एका शब्दावर होतं. जैतुनबीने किल्ली मुठीत घट्ट धरली होती.

नानीबाई पाण्यात उतरली. किसनसिंगच्या समोर उभी राहिली आणि त्याच्या पट्टीकडे बघत म्हणाली, "चालता येते का?"

"येते."

"मंग चाला. लेकराची धुंड खोळंबली."

खालच्या तांड्यात खांबाजवळ घोंगडी अंथरली होती. धुंडीत बाळाला मांडीवर घेऊन बसायचा मान बापाचा. बाप नसला तर चुलत्याचा, म्हणून उदयसिंग बसला होता. दोन जण बाळाच्या नि त्याला घेऊन बसलेल्याच्या डोक्यावर आडवी काठी धरतात आणि बाकीचे पुरुष आशीर्वाद गात त्या काठीवर आपापले फोक आपटतात. नानीबाई उदयसिंगजवळ गेली.

"उठ," ती म्हणाली. "नाईकाले बसू दे."

"माय, काय बोलून राह्यली तू?"

"उठ म्हनलं ना. तू आपटनाऱ्यायमधी उभा राह्य."

उदयसिंग उठला. किसनसिंग घोंगडीवर बसला. कमलीबाई बाळ घेऊन दारात आली, सासूकडे पाहिलं, किसनसिंगकडे पाहिलं, आणि बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. डोक्यावर आडवी काठी आली. समोर उदयसिंग फोक घेऊन उभा राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंना अमरसिंगचे सगळे सोबती होते.

माझ्या शेजारी जैतुनबी टाचा उंचावून बघत होती.

पहिला फोक आपटला तो उदयसिंगचा. पट्टी बांधलेल्या डोक्याच्या वर चार बोटं खाडकन आवाज झाला, आणि किसनसिंगने बाळावर वाकून डोळे गच्च मिटून घेतले. मग दुसरा पडला, तिसरा पडला, आणि गाणं सुरू झालं.

नानीबाई खाली वाकली.

"डोये उघडा नाईक," ती म्हणाली. "लेकरू तुमच्याकडे पाहून राह्यलं."

किसनसिंगने डोळे उघडले.